तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस

प्रिय ताई,
माझं वय आता २६ आहे. नववीत शाळा सुटली. २०१५ च्या दिवाळीनंतर गावातल्याच एका ओळखीच्या बाईनं ‘घरकामाला लावते’ म्हणून शहरात नेलं आणि एका घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे सोडलं. पुढचं लिहीत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्हा चौघींना रस्त्यावर उभं केलेलं असताना पोलिसांनी उचललं. कुणी विचारलं तर वय १९ सांगायचं असं पढवलेलं होतं, मी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात कुणीतरी म्हणालं, ‘गुन्हा कबूल म्हण, दंड भर, सुटशील.’ मी मान हलवली. दंड घरवालीच्या माणसानं भरला आणि तोच मला परत घेऊन गेला. वर्षभरानं एका संस्थेमुळे सुटले. दहावी, बारावी, एएनएमचा (परिचारिकेचा) कोर्स सगळं नंतर केलं. आता एका खासगी रुग्णालयात नोकरी मिळतेय, पण त्यांना पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हवंय. त्यांच्या फॉर्मातही ‘यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?’ असा रकाना आहे. दंडाच्या पावतीवर ‘पिटा कलम ८’ लिहिलेलं आठवतं. नवऱ्याला सगळं माहीत आहे, सासरी कुणालाच नाही. ताई, हे पुसता येतं का? की नोकरीच सोडून देऊ?
(नाव, गाव छापलेलं नाही.)

नोकरी सोडू नकोस. अजून तरी नाही.

तुझ्या मूळ पत्रात ‘माझी चूक’ हे शब्द चार वेळा आले होते. छापताना मी ते गाळले, त्याबद्दल रागावू नकोस. दंड कुणी भरला आणि तुला परत कोण घेऊन गेलं हे तू एका ओळीत लिहिलंस. मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली. आरोपी म्हणून ज्याला उभं करायला हवं होतं, तो माणूस खिडकीवर पैसे भरून पावती घेत होता आणि तू पिंजऱ्यात होतीस. म्हणून ‘मला माफ करा’ असा अर्ज आपण करायचा नाही. ‘नोंद चुकीची आहे, दुरुस्त करा’ असा करायचा. अर्ज कसा लिहिला जातो आणि तो घेऊन तू कोर्टात कशी उभी राहतेस, दोन्ही यावर ठरतं.

आता कायद्याकडे वळते. तुझ्या पावतीवरचं ‘पिटा’ म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, आणि त्याचं कलम ८ सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावण्याबद्दलचं आहे. मानवी तस्करीतून सुटलेल्या व्यक्तीच्या नावावरचे गुन्हे पुसण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं २०१० मध्ये असा कायदा केला. तस्करीत असताना वेश्याव्यवसायासंबंधी झालेली शिक्षा न्यायालयाकडून रद्द करून घेण्याची सोय त्यात आहे. त्यानंतर तिथल्या बहुतेक राज्यांनी आपापले कायदे केले. आपल्याकडे तसा सरळ रस्ता नसल्यामुळे आहेत त्या कायद्यांतून वाट काढावी लागते. तुझ्या बाबतीत ती आहे, आणि चांगली रुंद आहे. ती तुझ्या वयातून जाते.

पत्रात तू जन्मतारीख लिहिलेली नाहीस, पण आज २६ म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये फार तर सतरा. बाल न्याय कायदा, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, म्हणजे तुला उचललं तेव्हा तो लागू होता. या कायद्यानं अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते, मग तिनं तोंडानं काहीही वय सांगितलेलं असो. बालकाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून, ‘कबूल आहे का’ विचारून दंड ठोठावताच येत नाही. तिला बाल न्याय मंडळाकडे पाठवावं लागतं. खरं तर तुला आरोपी म्हणून मंडळाकडेही पाठवायला नको होतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून तुला बाल कल्याण समितीपुढे न्यायला हवं होतं.

‘पण आता नऊ-दहा वर्षं झाली’ असं तुझ्या मनात आलं असेल. त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहिलंय, की गुन्ह्याच्या दिवशी आपण बालक होतो हा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर करता येतो. खटला कायमचा निकाली निघाल्यावरही करता येतो, आणि दावा करणारी व्यक्ती आता मोठी झालेली असली तरी करता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खुनाच्या खटल्यातल्या एका माणसाला सोडलं. गुन्ह्याच्या वेळी तो १४ वर्षांचा होता हे न्यायालयानं मान्य केलं तेव्हा त्याची सुमारे २५ वर्षं तुरुंगात गेली होती. एवढ्या उशिरा, एवढ्या मोठ्या गुन्ह्यात हा दावा ऐकला जातो, तर पाचशे रुपयांच्या दंडाच्या खटल्यात ‘उशीर झाला’ म्हणून कुणी तुला दारातून परत पाठवू लागलं तर ऐकून घेऊ नकोस.

वय सिद्ध झालं की काय होतं? कलम ९ प्रमाणे झालेली शिक्षा निष्प्रभ ठरते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. पिटाच्या कलम ८ ला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. बाल न्याय कायद्याच्या भाषेत हा किरकोळ गुन्हा झाला. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, मुदतवाढ धरून सहा महिन्यांत संपली नाही तर ती बंद झाली असं धरलं जातं. कलम २४ म्हणतं, की अशा प्रकरणामुळे त्या मुलाला किंवा मुलीला पुढे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या.

आणि ज्या कागदापायी तुझी झोप उडाली आहे, त्याबद्दल याच कायद्यात सरळ एक ओळ आहे. कलम ७४ चं दुसरं पोटकलम सांगतं, की निकाली निघालेल्या प्रकरणात बालकाची कोणतीही नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा इतर कशासाठी उघड करायची नाही. चारित्र्य प्रमाणपत्र हे शब्द कायद्यातच आहेत. हे कलम वकिलाकडून छापून घे आणि फाइलला लावून ठेव.

एक अडचण मात्र आत्ताच सांगते, म्हणजे मधेच धक्का बसणार नाही. काही निकालांत न्यायालयांनी बालक होता हे मान्य करून शिक्षा रद्द केली, पण दोषी ठरवणं कायम ठेवलं. म्हणून तुझ्या अर्जात एकाच मागणीवर थांबायचं नाही. पहिली मागणी वयाची. दुसरी अशी, की मी तस्करीची बळी होते, मला जबरदस्तीनं रस्त्यावर उभं केलं होतं, म्हणून हा संपूर्ण खटलाच रद्द करावा. हा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. साधं अपील तुझ्या कामाचं नाही, कारण गुन्हा कबूल केलेल्या व्यक्तीला दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही, फार तर शिक्षेबद्दल बोलता येतं. ‘कबूल म्हण, सुटशील’ हा सल्ला देणाऱ्यानं तुला हे सांगितलं नसणारच. त्या एका मान हलवण्यानं तुझं अपीलाचं दार बंद झालं होतं.

त्या कबुलीबद्दल थोडं अजून बोलते, कारण कोर्टात तुला तोच प्रश्न विचारला जाईल: तूच तर कबूल केलं होतंस ना? ब्रिटनमध्ये घरात चालवलेल्या गांजाच्या लागवडीवर दोन अल्पवयीन व्हिएतनामी मुलं सापडली होती. दोघांनीही गुन्हा कबूल केला आणि दोघांनाही शिक्षा झाली. पुढे ती तस्करीची बळी असल्याचं समोर आलं. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. मुलांनी कबुली दिली म्हणून तस्करीचा तपास करायची सरकारची जबाबदारी संपत नाही, असा त्याचा मथितार्थ. तो निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण वकिलाला हाताशी धरायला उपयोगी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाची २००२ ची तत्त्वं आहेत, त्यांतही म्हटलंय की तस्करीमुळेच ज्या बेकायदा कामात ओढलं गेलं, त्यासाठी त्या व्यक्तीवर खटला भरू नये. तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०११ मध्ये स्वीकारलाय. आणि आपल्या राज्यघटनेचं कलम २३ तर पहिल्या दिवसापासून माणसांचा व्यापार निषिद्ध ठरवतं. २०१३ मध्ये सुधारलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० नं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: तस्करी ठरवताना बळीची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही. तुझी केस त्या काळातली, म्हणून तुला तेच कलम लागू.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी शाळेत जा. शाळा सोडल्याचा दाखला घे, आणि जमलं तर जनरल रजिस्टरमधल्या तुझ्या नोंदीचा उताराही मागून घे. वय ठरवताना कलम ९४ प्रमाणे पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आपल्याकडे निम्म्या वर्गाची जन्मतारीख गुरुजींनी १ जून टाकलेली असते. तुझीही तशीच निघाली तर घाबरू नकोस. १ जून १९९९ धरली तरी त्या ऑगस्टमध्ये तू सतरा वर्षं आणि तीन महिन्यांच्या आतच होतीस. आधारकार्डावर मात्र विसंबू नकोस, ते जन्मतारखेचा पुरावा मानलं जात नाही.

दुसरं काम कोर्टातलं. ज्या कोर्टात दंड झाला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून रोजनामा (कोर्टात त्या-त्या तारखेला काय झालं त्याची नोंद), दोषारोपपत्र, कबुलीचा कागद आणि निकाल यांच्या प्रमाणित नकला काढायच्या. खटल्याचा नंबर ठाऊक नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो. किरकोळ खटला असल्यानं तिथं सापडलाच नाही, तर पोलीस ठाण्याचं नाव आणि उचलल्याची तारीख देऊन कोर्टातल्या रजिस्टरात पाहावं लागेल. तिथं कोणत्या नावानं नोंद आहे तेही पाहा. घरवाल्या मुलींची नावं बदलून ठेवतात, तुझंही नाव बदललेलं असू शकतं.

या नकला डोळे उघडे ठेवून वाच. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या कागदपत्रांची फाइल माझ्यासमोर होती. कबुलीच्या कागदावर ‘गुन्हा कबूल आहे’ असा रबरी शिक्का, सगळ्यांच्या कागदावर एकाच जागी, जरा तिरका. त्याखाली अंगठा. ती मुलगी आठवी शिकलेली, छान वळणदार सही करणारी. आणि वयाच्या रकान्यात १७ लिहून सातच्या खालच्या टोकाला शाईचा फाटा देऊन नऊ केलेला. जुनी शाई निळी होती आणि वरची काळी. मी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती. ती काहीच बोलली नाही, फक्त त्या आकड्यावर बोट ठेवून उभी राहिली. तुझ्या कागदात असंच काही असेल असं मी म्हणत नाही. पण सही कुणाची, अंगठा कुणाचा, वकील दिलेला होता का, कबुली कोणत्या भाषेत लिहिली, हे सगळं टिपून ठेव.

वकिलासाठी पैसे लागतील या काळजीत असशील तर ती सोड. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मानवी तस्करीच्या बळींना मोफत वकील मिळतो आणि स्त्रियांनाही. दोन्हीकडून तुझा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं जा किंवा १५१०० वर फोन कर. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची तस्करीच्या बळींसाठी २०१५ ची वेगळी योजनाच आहे, तिचं नाव घेऊन बोल. पहिल्या भेटीला नवऱ्याला सोबत ने. पत्रात तू त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, पण त्या ओळीवरून माणूस सोबत उभा राहील असं वाटतं.

सासरची भीती मला समजते. वकिलाला पहिल्याच दिवशी सांग की पत्रव्यवहाराचा पत्ता त्याच्या कार्यालयाचा टाकायचा, घरी नोटीस येता कामा नये. अर्जात आणि निकालात तुझं नाव झाकण्याची मागणीही लेखी करायची. बाल न्याय प्रकरणातल्या बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

निकाल तुझ्या बाजूनं लागला की काम संपलं असं समजू नकोस. कोर्टात आदेश झाला तरी पोलीस ठाण्याच्या संगणकातली नोंद आपोआप जात नाही. आदेशाची प्रमाणित प्रत जोडून त्या पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज दे, पोच घे. ई-कोर्ट्सवर नाव दिसत असेल तर तेही झाकायला सांग. कुणी भेटेल आणि म्हणेल, ‘ठाण्यात ओळख आहे, पैसे दे, नाव काढून देतो.’ त्याच्या वाटेला जाऊ नकोस. तो नोंद काढू शकत नाही, खोटा कागद मात्र देऊ शकतो, आणि मग खराखुरा गुन्हा तुझ्या नावावर लागेल.

आता रुग्णालयाचा फॉर्म. आदेश हातात येत नाही तोवर त्या रकान्यात ‘नाही’ लिहू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये एका प्रकरणात सांगितलंय, की नोकरीच्या अर्जात खटल्याची आणि शिक्षेची माहिती खरीच द्यायची, आणि ती जुनी, क्षुल्लक असेल तर मालकाला ती सोडून देता येते. ते प्रकरण सरकारी नोकरीचं होतं, पण लपवणं महागात पडतं हे सगळीकडे तसंच. माझं मत विचारशील तर रुग्णालयाकडे दोन-तीन महिन्यांची मुदत माग, ‘एका जुन्या न्यायालयीन नोंदीच्या दुरुस्तीचं काम चालू आहे’ एवढंच सांग आणि वकिलाचं पत्र जोड. ते ऐकत नसतील तर एकाच जबाबदार व्यक्तीला, बंद दाराआड, तुझ्या शब्दांत सांगायचं की ही जागा सोडायची, हे तुझं तू ठरव. तिथं काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. काही ठिकाणी समजूतदार मेट्रन भेटते, काही ठिकाणी नाही. बाल न्याय कायद्याचा आदेश हातात आल्यावर मात्र प्रश्नच वेगळा होतो. अल्पवयातल्या खटल्यावरून नोकरी नाकारू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये घेतली आहे.

पासपोर्टचं तू विचारलेलं नाहीस, पण एएनएम झालेल्या मुली बाहेरदेशी जायचा विचार करतात म्हणून सांगते: पाचशे रुपयांच्या दंडामुळे पासपोर्ट अडत नाही. कायद्यात अडचण येते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, मागच्या पाच वर्षांत, किमान दोन वर्षांची कैद झालेली असेल तर. किंवा खटला अजून चालू असेल तर, आणि तेव्हाही न्यायालयाची परवानगी घेऊन मिळतो.

हे वाचणाऱ्या इतर कुणाचं वय तेव्हा अठराच्या वर असेल, तर वाट जास्त चढाची आहे, पण बंद नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये म्हटलं, की पिटा कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२२ मध्ये सांगितलं, की कुंटणखान्यावर धाड टाकताना तिथल्या स्त्रियांना अटक किंवा दंड करू नये, छळू नये. जबरदस्ती झाल्याचा पुरावा असेल, म्हणजे सोडवल्याचा पंचनामा, संस्थेची नोंद, वैद्यकीय कागद, तस्कराविरुद्धचा गुन्हा, तर उच्च न्यायालयात मागणी करता येते.

त्यावरून शेवटचा विषय. तुला नेणाऱ्या बाईविरुद्ध आणि घरवालीविरुद्ध तू आजही तक्रार करू शकतेस. तस्करीसारख्या गंभीर गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही. तशी तक्रार नोंदली गेली तर तुझ्या अर्जाला जोर येतो हे खरं. पण त्यासाठी ते सगळं पुन्हा सांगावं लागतं, आणि ती बाई तुझ्या गावचीच आहे. नोंद दुरुस्त करण्यासाठी ही तक्रार करायलाच हवी असं नाही. कुणी अट घातली तर मान्य करू नकोस, वकिलानं घातली तरीही.

येत्या सोमवारी शाळेत जा. हेडमास्तरांनी ‘कशाला हवा’ विचारलं तर ‘नोकरीसाठी’ एवढंच सांग, ते खरंच आहे. दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढ, मूळ प्रत घरी ठेव. नक्कल हातात आली की वयाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळव.

तुझी,
ताई